घंगाळावरचं नाव आणि वंशावळीतली रेघ

कोथरूडच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ६१, बँकेतून निवृत्त. घराणं मूळचं वाई तालुक्यातलं. पणजोबा गेले तेव्हा आजोबा आठ-नऊ वर्षांचे होते. चुलत्यांनी त्यांना पुण्याला आणलं, तेव्हापासून सगळे इथलेच. आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली सात पिढ्यांची वंशावळ वाचकांकडे आहे. तीत आजोबांच्या आईचं नाव आहे, पण पुढे 'माहेर' असं लिहून नुसती रेघ ओढली आहे. माळ्यावर एक तांब्याचं घंगाळ सापडलं, त्यावर शके १८२५ आणि भलत्याच बाईचं नाव. बाकीचे कागद पानशेतच्या पुरात गेले, असं वडील सांगायचे. सहकारनगरच्या ८८ वर्षांच्या आत्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुला काय करायचंय? ती गेली, विषय संपला." येत्या मे महिन्यात नातवाची मुंज आहे आणि त्यात वंशावळ छापून वाटायचा बेत आहे. एक गृहस्थ पेशवे दफ्तरातून शोधून बारा पिढ्यांपर्यंत नेऊन देतो म्हणतात, चाळीस हजार मागतात. पैसे द्यावेत का, आणि आत्यांना किती ताणावं, असे दोन प्रश्न आहेत. पणजोबांची दोन लग्नं झाली होती आणि घरच्यांनी ते दडवलं, याबद्दल वाचकांची जवळपास खात्री आहे.

नमस्कार,

चाळीस हजारांचं आधी उरकू. आत्ता देऊ नका. ते गृहस्थ लबाड आहेत असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण त्यांना एवढंच विचारा: प्रत्येक पिढीमागे मूळ मोडी पानाचा फोटो, रुमालाचा क्रमांक, कागदाची तारीख आणि शब्दशः लिप्यंतर देणार का? हो म्हणाले तर पुढचं बोलणं करा, तेही एकेका पिढीचे पैसे ठरवून. सोनेरी महिरपीत छापलेला वृक्ष नुसता हातात ठेवणार असतील, तर तो दिवाणखान्यात छान दिसेल, यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

पेशवे दफ्तराबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. कौन्सिल हॉलजवळच्या त्या दगडी इमारतीत, म्हणजे पुणे पुरालेखागारात, हजारो रुमाल आहेत हे खरं. फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्याला तिथे रुमालच म्हणतात. पण ते राज्याचं दफ्तर. त्यात हिशेब, इनामं, वतनं, फौजेचा खर्च, तंटे असलं सगळं आहे. तुमच्या पूर्वजाला इनाम होतं, वतन होतं, किंवा त्याने सरकारदरबारी भांडण नेलं होतं, तर तो तिथे भेटेल. जो गुपचूप शेती करून, कर भरून, कुणाशी न भांडता मेला, त्याच्यासाठी पेशव्यांच्या कारकुनाने शाई का खर्च करावी? शिवाय बारा पिढ्यांमागे तुमचं आजचं आडनावच नसण्याची शक्यता बरीच आहे. वतन मिळालं की कुलकर्णी, गाव सोडलं की गावाच्या नावापुढे 'कर', आणि सख्ख्या भावांची आडनावं वेगळी, हे आपल्याकडे सर्रास झालेलं आहे. आणि बाराव्या पिढीत माणसाचे पूर्वज हिशेबाने ४,०९६ होतात. छापील वंशावळीत त्यातला एक असतो. उरलेल्यांत तुमच्या पणजीचे बापजादेही आले.

पणजीशीच मला थांबायचं आहे. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन पानांवर मूळ पुरुष आहे. पणजी तिसऱ्या पानावर येते, आणि तिथे तुमचं अक्षर बदललं आहे, घाईचं झालं आहे. तुम्हाला खरं कोण हवं आहे ते मला तिथे कळलं.

दोन नावं सापडली म्हणून तुम्ही दोन बायका धरल्या. असतीलही. पण आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलायचंच, पाळण्यातलं नावही बदलायचं. तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं नाव माहेरच्या उंबऱ्याआत राहायचं. आता सांगा, लेकीच्या लग्नाची भांडी बाप आधीच घेऊन ठेवतो. दुकानात त्यावर नाव घालून घेताना तो कोणतं नाव सांगेल? शके १८२५ म्हणजे इसवी सन १९०३-०४. शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचे दिवस असतील तर ७९. तुमच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९०६ आहे. (१ जूनवर जाऊ नका, ती मास्तरांची लाडकी तारीख. वर्षही एखाद-दुसऱ्याने पुढेमागे असेल.) म्हणजे घंगाळ लग्नातलं आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मुलगा, हा हिशेब एकाच बाईच्या बाबतीतही नीट बसतो. तुम्ही जिला पणजोबांची दडवलेली बायको समजता, ती माहेरच्या नावाने उभी असलेली तुमची पणजीच असू शकते.

म्हणून आधी घंगाळ नीट वाचा. चिंच लावून घासू नका, ठोकून उठवलेले ते ठिपके आधीच झिजलेले असतात. कोरड्या फडक्याने पुसा, चिमूटभर तांदळाची पिठी अक्षरांवर हलकेच चोळा, वरची पिठी हाताने झटका. ठिपक्यांत पांढरं राहतं. मग खोलीत अंधार करून बाजूने तिरका टॉर्च धरा आणि फोटो काढा. नावाच्या आधी काय आहे ते बघा. 'चि. सौ. कां.' असेल तर नाव घातलं तेव्हा लग्न व्हायचं होतं. 'सौ.' असेल तर झालेलं होतं. नावापुढे नवऱ्याचं नाव आहे की बापाचं, की काहीच नाही? कडेला, तळाला आणखी एखादं अक्षर? देणाऱ्याचं नाव पुष्कळदा कडीजवळ असतं आणि तिथेच राख-माती बसून ते बुजलेलं असतं.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही दरवर्षी पक्ष करता असं पत्रात ओझरतं लिहिलं आहे. मग दरवर्षी भाद्रपदात तुम्ही पणजीचं नाव मोठ्याने उच्चारता, हे लक्षात आलंय का? गुरुजी विचारतात ती नावं आठवा: वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी, पणजी, मग आईचे वडील, आजोबा, पणजोबा. तुमच्या यादीत तुमचं आजोळ येतं. आजोबा पक्ष करायचे तेव्हा त्यांच्या यादीत त्यांचं आजोळ आलं असणार, म्हणजे तुम्ही शोधता आहात ते माहेर, तीन पिढ्यांच्या नावांसकट. या याद्या कुठे असतात? देवघराच्या खणात, पंचांगाच्या घडीत, पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, नाहीतर घरी येणाऱ्या गुरुजींच्या वडिलांच्या वहीत. त्यांना फोन करा. पणजोबांची खरोखर दोन लग्नं झाली असतील तर आजोबांच्या यादीत सापत्न माताही सापडेल. महालयात तिलाही स्थान आहे. देव्हाऱ्यातले टाकही एकदा बाहेर काढून बघा. काही घरांत वारलेल्या पहिल्या बायकोचा टाक देवांबरोबर पुजला जातो आणि तीन पिढ्यांनंतर सगळे तिला कुलदेवी समजून फूल वाहतात.

याच नात्याने नाशिक. घरातलं कुणी अस्थी घेऊन रामकुंडावर गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यात नोंद असते. गाव आणि आडनाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण ते तिथलेच लोक सांगतात. यजमानाने स्वतःच्या हाताने लिहिलेली नावं असतात ती: कोण आलं, कुणासाठी आलं, बरोबर कोण होतं. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथेही हीच पद्धत. दक्षिणा देताना हात आखडू नका आणि पानाचा फोटो काढायच्या आधी विचारा. ते चोपडे त्यांच्या घरातली मालमत्ता आहे.

पानशेत. पुण्यातल्या निम्म्या घरांचा इतिहास १२ जुलै १९६१ ला वाहून गेला आहे, आणि त्यातली काही घरं पाणी पोचलंच नाही अशा उंचावर होती. तुमचे वडील नारायण पेठेत राहत होते, तेव्हा त्यांचं खरं मानू. पण पुरात गेली ती तुमच्या ट्रंकेतली प्रत. अस्सल नोंद वाईला आहे, तिथे मुठेचं पाणी पोचत नाही.

तिथे काय मागायचं ते सांगते, कारण 'आमची जुनी माहिती द्या' म्हटलं की समोरचा माणूस चहाला जातो. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज करायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि गावाच्या नावासकट नेमका कागद मागायचा: पणजोबा वारल्यानंतरचा वारसाचा फेरफार. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, गावोगावी तो लागू व्हायला पुढे काही वर्षं गेली. तुमचे पणजोबा १९१४-१५ च्या सुमारास गेले, म्हणजे नोंद सापडायला जागा आहे. मालक वारला आणि मुलगा लहान असला, तर मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहितात, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्यापुढे जे नाव येतं त्यासाठी हा सगळा खटाटोप. 'अ.पा.क. आई अमुक' असेल तर पणजी त्या वर्षी हयात होती, घरात होती, आणि तिचं सासरचं नाव तुम्हाला सरकारी शाईत मिळालं. 'अ.पा.क. चुलता' असेल तर ती का नाही, हा पुढचा प्रश्न. कागद मोडीत असला तर दोन शब्द ओळखायला शिका: 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. जुन्या कागदात बाई शोधायची तर 'कोम'वर डोळा ठेवायचा.

त्याच गावचं कोतवाल बुक मागा, म्हणजे गाव नमुना नंबर १४, जन्म-मृत्यूचं रजिस्टर. मृत्यूची नोंद मिळाली तर विषयच मिटला.

पहिल्या खेपेला 'नाही' म्हणतील. मी माझ्या आजीच्या माहेरासाठी अशाच एका कचेरीत दोनदा गेले. दोन्ही वेळा, त्या गावाचं १९३० च्या आधीचं काही नाही, असं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा साहेब रजेवर होते आणि शिपाई मोकळा होता. त्याने शिडी लावली. गठ्ठा होता, फक्त वरच्या चिठ्ठीवर शेजारच्या गावाचं नाव पडलं होतं. आजीचं माहेरचं नाव मला कळलं तेव्हा तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. ते तिला हाक मारून बघायचं राहिलंच.

म्हणून आता आत्या.

त्यांचं वाक्य तुम्ही मला जसंच्या तसं लिहून पाठवलं, हे फार बरं केलंत. "ती गेली, विषय संपला." मराठीत 'गेली' म्हणजे वारली, आणि 'गेली' म्हणजे घरातून गेली. तुम्ही पहिला अर्थ धरलात. आत्यांना कोणता अभिप्रेत होता? १९१५ च्या सुमाराला वैधव्य आलेली पंचवीस वर्षांच्या आतबाहेरची बाई, पदरी एक मुलगा, तो दिरांनी शिकायला पुण्याला नेलेला. तिच्यापुढे काय होतं? सासरी सोवळी होऊन राहणं. माहेरी परत जाणं. हिंगण्याला कर्व्यांचा आश्रम होता, १८९६ मध्ये सुरू झालेला. पुण्यात रमाबाई रानड्यांचं सेवासदन होतं, १९०९ चं. तिथे शिकून बायका शिक्षिका होत, नर्स होत. आणि पुनर्विवाह. कायद्याने तो १८५६ पासून चालत होता, घरात चालत नव्हता. पुनर्विवाह केलेल्या बाईचं नाव वंशावळीतून पुसलं जायचं आणि नव्या घरी तिला तिसरं नाव मिळायचं. यातलं काय घडलं ते मला माहीत नाही, आणि चिठ्ठी टाकून तुम्हीही ठरवू नका. पण आजोबांनी 'माहेर' लिहून पुढे रेघ ओढली. ज्याला काहीच लिहायचं नसतं तो 'माहेर' तरी कशाला लिहील?

आत्यांना ताणायचं नाही. त्या काही दडवतात असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं त्या कुणाला तरी दिलेला शब्द पाळत असाव्यात, बहुधा त्यांच्या वडिलांना. १९३७ साली जन्मलेल्या मुलीने आपली आजी कदाचित पाहिलीही नसेल, पण वडिलांचं आजीबद्दल न बोलणं तिने रोज पाहिलं आहे. तुम्ही बँकेतली माणसं केवायसी करता तसं समोर बसू नका. जन्मतारीख, पूर्ण नाव, मृत्यूचं साल हे त्यांना मुळीच विचारू नका, ते कागद सांगतील. कागद जे सांगत नाहीत ते विचारा. दादा, म्हणजे त्यांचे वडील, सुट्टीत त्यांच्या आजोळी जायचे का? त्यांच्या मुंजीत मामा म्हणून कोण उभं राहिलं होतं? अविधवा नवमीला घरात सवाष्ण जेवायची का, आणि कुणासाठी? पुरणपोळीला गूळ की साखर, आणि ती रीत कुणी आणली? या प्रश्नांतून गावंच्या गावं निघतात. फोनवर रेकॉर्डिंग करायचं तर सांगून करा आणि फोन उपडा ठेवा. समोर हलणारी लाल रेघ दिसली की बाई कीर्तनकारासारखी बोलायला लागते.

आणि त्या पुन्हा "नको" म्हणाल्या तर ऐका. एकच विचारा: "आत्या, तुमच्या माघारी मला दुसरीकडून कळलं, तर तुम्हाला चालेल ना?" याचं उत्तर जे येईल ते पाळा. त्यांना हवं असेल तर लिहून बंद पाकिटात ठेवू दे. त्यांनी सांगितलेलं काहीही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच दिवशी टाकू नका. तुमच्याइतकीच ही पणजी तुमच्या चुलतभावंडांची आहे, आणि सगळ्यांना एकाच सकाळी चहाबरोबर ती नको असेल.

तुमच्या पत्रासारखी इतरही पत्रं माझ्याकडे पडून आहेत, त्यांना जाता जाता. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून निम्म्या पत्रांत 'वंशावळ' हा शब्द दाखल्यासाठी येतो. दाखल्याची वंशावळ आणि कुतूहलाची वंशावळ वेगवेगळ्या वहीत ठेवा. पहिलीत पुराव्याबाहेर एक अक्षर नको, दुसरीत ऐकीव गोष्टीही लिहा, फक्त कोण म्हणालं ते शेजारी टाका. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या वाचकांनी गावात हेळवी येतात का ते विचारावं. घराण्याच्या पिढ्या त्यांच्या चोपड्यांत असतात आणि ते त्या वाचून दाखवतात. ख्रिस्ती घरांना चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर आहे. पेठेत वाडा होता असं सांगणाऱ्यांनी नगर भूमापनाकडून जुनं मालमत्ता पत्रक काढावं; वाडा होता की वाड्यात दोन खोल्या होत्या, तेही कळेल. कोकणस्थ घराण्यांचे छापील कुलवृत्तांत पुण्याच्या जुन्या ग्रंथालयांत चाळायला मिळतात, आणि त्यात सुनांची माहेरं बरेचदा दिलेली असतात. म्हणजे आपली हरवलेली पणजी दुसऱ्याच घराण्याच्या कुलवृत्तांतात लेक म्हणून सापडू शकते. मोडी शिकायची असेल तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, राजवाड्यांनी आणि मेहेंदळ्यांनी १९१० मध्ये स्थापलेलं. तिथे वर्गांची चौकशी करा. अक्षरं पंधरवड्यात येतात. सबंध ओळ आधी आखून, मग तिला शब्द न तोडता टांगलेली कारकुनाची मोडी वाचायला वर्ष लागतं. चाळीस हजारांपेक्षा ते स्वस्त आहे.

मुंजीचं म्हणाल, तर मे महिना जवळ आहे आणि वाईच्या कचेरीला तुमचा मुहूर्त ठाऊक नाही. वंशावळ छापा, पण आजोबांची आहे तशीच छापा, त्यांच्या अक्षराचा फोटो घेऊन. माहेरापुढची रेघही राहू द्या. बटूने विचारलं, ही रेघ कसली, तर सांगायला तुमच्याकडे पुष्कळ आहे.

आणि त्याआधी एक दुपार काढून घंगाळ आत्यांकडे घेऊन जा. पिठी भरलेली तशीच ठेवा. त्यांच्यासमोर ठेवायचं आणि काही विचारायचं नाही, चहा होईपर्यंत तरी. स्कूटरवर नेऊ नका, चांगलंच जड असतं. रिक्षा करा.